बेसेल झोताने लेन्स एका अक्षावर कशा बसवायच्या

लेन्सची रांग लेझरने लावायची म्हटलं की बहुतेक जण हेलियम-निऑनचा साधा लेझर समोर ठेवतात, दोन आयरिस (छिद्र लहान-मोठं करता येणारे पडदे) लावतात आणि ठिपका कुठे पडतो ते बघतात. ढोबळ कामाला हे पुरतं. पण ०.८ मिमी व्यासाचा तो झोत २ मीटरवर सव्वादोन मिमीचा आणि ५ मीटरवर पाच मिमीचा होतो. एवढ्या मोठ्या ठिपक्याचं मध्य डोळ्यांनी काढणं म्हणजे अंदाजपंचे. बरं, ठिपका मुळातच बारीक घ्यावा तर तो आणखी लवकर पसरतो. ५४ मायक्रॉन त्रिज्येचा गाउशियन झोत (मध्ये उजळ आणि कडेला फिका होत जाणारा, नेहमीच्या लेझरचा) जेमतेम १४ मिमी जातो आणि फाकू लागतो.

बेसेल झोताचा मधला ठिपका तेवढ्याच जाडीचा असूनही दोन मीटर तसाच राहतो. भोवती वलयं असतात आणि त्या सगळ्यांचं केंद्र एकच, त्यामुळे मध्य काढणंही सोपं. १९८७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डर्निन आणि सहकाऱ्यांनी असे 'न पसरणारे' झोत प्रयोगाने दाखवले. ते सर्वांत सोप्या रीतीने तयार करणारं शंकूच्या आकाराचं भिंग, ॲक्सिकॉन, मात्र जुनं आहे. ईस्टमन कोडॅकमधल्या मॅक्लाऊड यांनी १९५४ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं.

'न पसरणारा' हा शब्द नवख्यांना हमखास फसवतो. मधला ठिपका, म्हणजे गाभा, हा स्वतः पुढे जाणारा बारीक झोत नाहीच. ॲक्सिकॉनच्या वेगवेगळ्या वर्तुळांवरून निघालेले किरण तिरपे येऊन अक्षावर वेगवेगळ्या अंतरांवर भेटतात, आणि त्या भेटीच्या जागांची रांग म्हणजे गाभा. जवळचा गाभा ॲक्सिकॉनच्या मधल्या भागातून तयार होतो, लांबचा कडेच्या भागातून. पुढे येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणींचं मूळ हेच आहे, म्हणून एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

आधी कागदावर हिशेब

ॲक्सिकॉन किरणांना अक्षाकडे जितकं वळवतो त्याला इथे वळण-कोन म्हणू. लहान कोनांसाठी तो म्हणजे (अपवर्तनांक वजा १) गुणिले शंकूच्या उताराचा कोन. उतार ०.५ अंश, काच बीके-७ आणि तरंगलांबी ६३५ नॅनोमीटर घेतली तर अपवर्तनांक १.५१५ आणि वळण-कोन सुमारे ४.५ मिलीरेडियन. कॅटलॉग बघताना एक काळजी घ्या. काही विक्रेते उताराचा कोन लिहितात, काही शिखराचा. १७९ अंश शिखरकोन म्हणजे उतार ०.५ अंश. यात गोंधळ होऊन भलताच नग मागवला जातो.

गाभ्याची त्रिज्या, म्हणजे मध्यापासून पहिल्या काळ्या वलयापर्यंतचं अंतर, ०.३८३ गुणिले तरंगलांबी भागिले वळण-कोन. आपल्या आकड्यांत ५४ मायक्रॉन, म्हणजे व्यास १०८ मायक्रॉन. गाभा किती लांब टिकेल? झोताची त्रिज्या भागिले वळण-कोन. ९.४ मिमी त्रिज्येचा झोत असेल तर सुमारे २.१ मीटर. उतार १ अंशाचा घेतलात तर गाभा निम्मा बारीक होतो आणि लांबीही निम्मी. मीटर-दीड मीटरच्या मांडणीला ०.५ अंश बरा. पहिल्याच वेळी ५ किंवा १० अंशांचा ॲक्सिकॉन घेऊ नका. ते सूक्ष्मदर्शकाच्या आणि लेझरने काच कापण्याच्या कामाचे, आपल्या झोतात त्यांचा गाभा दहा-वीस सेंटिमीटरांत संपतो.

उजेड सगळीकडे सारखा नसतो. गाउशियन झोत ॲक्सिकॉनवर पाडला की अक्षावरचा उजेड शून्यापासून वाढत जातो, एकूण लांबीच्या मध्यावर, म्हणजे आपल्याकडे १ मीटरच्या आसपास, सर्वांत जास्त होतो आणि मग उतरतो. ॲक्सिकॉनचं टोक प्रत्यक्षात थोडं गोलसर असतं, त्यामुळे पहिल्या दहा-वीस सेंटिमीटरांत उजेड अक्षावर कमी-जास्त होत राहतो. तेवढी जागा मोजमापासाठी सोडूनच द्या.

सामान

६३५ नॅनोमीटरचा, सिंगल-मोड फायबरमधून येणारा डायोड लेझर, १ मिलिवॉटच्या आतला. फायबर हवाच. उघड्या लेझर नळीची दिशा ती गरम होताना सरकत राहते. फायबरच्या टोकाशी मात्र प्रकाश नेहमी त्याच चार-साडेचार मायक्रॉनच्या जागेतून निघतो, त्यामुळे दिशेला बूड मिळतं. लेझरकडच्या टोकाला तिरपा कनेक्टर चालेल, झोत सोडणाऱ्या टोकाला सरळ कापलेला घ्या. ८ अंशांत कापलेल्या टोकातून प्रकाश जवळपास ४ अंश तिरका निघतो आणि १०० मिमीवरच्या लेन्सवर साडेसहा मिमी बाजूला पडतो.

पुढे १०० मिमी नाभीय अंतराचा २५ मिमी व्यासाचा ॲक्रोमॅट (रंगदोष कमी केलेली लेन्स). या फायबरसमोर तो सुमारे १९ मिमी व्यासाचा समांतर झोत देतो. ॲक्सिकॉन २५ मिमीचा, आडवा-उभा सरकणाऱ्या आणि कलणाऱ्या अशा दोन्ही सोयींच्या माउंटमध्ये. लेन्ससाठीही तसेच माउंट. कॅमेरा लेन्स काढलेला, ३.४५ मायक्रॉन पिक्सेलचा, म्हणजे गाभा ३१ पिक्सेलांचा दिसेल. दुसरा तसाच कॅमेरा परावर्तनासाठी. रेल्वे-रुळासारखी एक सरळ रेल, एक प्लेट बीमस्प्लिटर (झोताचा काही भाग बाजूला वळवणारी काच), एक चांगला सपाट आरसा, न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर (उजेड कमी करणारा), आणि झोतावर घालायला काळ्या पुठ्ठ्याच्या नळ्या. या नळ्यांना हसू नका, पुढे त्यांचं कारण येतं.

एकूण १३० च्या आसपास वलयं असतात आणि प्रत्येकात साधारण गाभ्याइतकीच ऊर्जा असते. म्हणजे गाभ्यात एकूण शक्तीच्या शंभरातला एक भागही नाही. कॅमेऱ्याला तेवढं भरपूर होतं. म्हणून कागदावर ठिपका फिका दिसला तरी लेझरची शक्ती वाढवू नका, खोलीतला दिवा कमी करा. आणि झोताच्या उंचीवर डोळा नेऊन रांगेत बघायचं नाही, १ मिलिवॉट असला तरी.

झोत तयार करणं

फायबर आणि ॲक्रोमॅट बसवून झोत समांतर करा. शिअर प्लेट (झोत समांतर आहे का ते दाखवणारी काच) असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. ॲक्सिकॉन लावल्यावर ५०० आणि १८०० मिमीवर गाभ्याचा व्यास मोजा. दोन्हीकडे सारखा आला की झोत समांतर. फायबर अर्धा मिमी आत राहिलं तर झोत २० मीटरवरच्या बिंदूतून आल्यासारखा फाकतो, आणि १८०० मिमीवर गाभा सुमारे ९ टक्के मोठा दिसतो. दोन-तीन टक्क्यांचा फरक सोडून द्या. त्याने अक्ष हलत नाही, फक्त आकार बदलतो.

आता ॲक्सिकॉन. सपाट बाजू लेझरकडे. त्या बाजूवरून परतलेला उजेड ॲक्रोमॅटमधून मागे जाऊन फायबरच्या फेरूलवर (टोक धरणाऱ्या नळीवर) एका बिंदूत जमतो. भिंगातून बघत ॲक्सिकॉन असा कलवा की तो बिंदू फायबरच्या छिद्रापासून पाव-अर्धा मिमीवर येईल. ०.३ मिमी म्हणजे ॲक्सिकॉन दीड मिलीरेडियन कललेला, एवढ्याने काही बिघडत नाही. बिंदू नेमका छिद्रात घालायचा मोह आवरा, कारण परतलेला प्रकाश डायोडमध्ये शिरला की लेझर अस्थिर होतो आणि कॅमेऱ्यावरचा उजेड लुकलुकायला लागतो.

मग ॲक्सिकॉन आडवा-उभा सरकवून मध्यावर आणा. इथे चित्र वाचायला शिका, पुढे सगळं काम यावरच आहे. वलयं एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला फिकी दिसत असतील तर झोत ॲक्सिकॉनच्या टोकावर मध्यात पडत नाहीये. गाभा गोल न राहता चौकटीच्या नक्षीसारखा, चार टोकांचा होत असेल तर ॲक्सिकॉन किंवा पुढचं एखादं भिंग झोताला तिरपं आहे. वलयं गोल आहेत पण जागोजागी मण्यांसारखी तुटलेली आहेत, तर ॲक्सिकॉनवर धूळ, बोटाचा ठसा किंवा घडवतानाचे ओरखडे. चौथी गोष्ट म्हणजे वलयांवरून जाणाऱ्या समांतर रेघा. त्या बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या संरक्षक काचेच्या किंवा फिल्टरच्या दोन पृष्ठभागांमुळे येतात, फिल्टर थोडा कलवला की जातात. सतावत राहिल्या तर डायोडचा प्रवाह लेझर सुरू होण्याच्या उंबरठ्याच्या किंचित खाली ठेवा. सुसंगती कमी झाल्याने त्या रेघा विरतात. बेसेलची वलयं मात्र टिकतात, कारण अक्षापर्यंत येणारे समोरासमोरचे किरण सारखंच अंतर कापून येतात.

अक्ष ठरवणं

ॲक्सिकॉनच्या टोकातून जाणारी आणि येणाऱ्या समांतर झोताला समांतर असणारी रेषा, हा आपला अक्ष. म्हणजे जवळचा ठिपका हलवायचा तर ॲक्सिकॉन सरकवायचा, लांबचा हलवायचा तर कॉलिमेटर, म्हणजे फायबर आणि ॲक्रोमॅटची जोडी, कलवायचा. यात उलटापालट केली की दिवस जातो. यांत्रिक अक्षाशी जुळवायचं असेल तर ४०० आणि १८०० मिमीवर खुणा ठेवून आलटून पालटून तीन-चार फेऱ्या करा. इंचाला ८० आट्यांचा स्क्रू ५० मिमीच्या भुजेवर असेल तर एक फेरा ६.३५ मिलीरेडियन. १८०० मिमीवर ५० मायक्रॉन हलवायला स्क्रूवर दीड अंशाचा स्पर्श पुरतो. तेव्हा शेवटची जुळणी करताना बोटं स्क्रूवरून काढून मगच वाचन घ्या.

आयरिसची सवय इथे सोडावी लागते. साध्या झोतावर आयरिस जितका बारीक तितका अचूक. बेसेल झोतावर १ मिमी त्रिज्येचा आयरिस घातलात की त्यापुढे सुमारे २२० मिमीवर गाभा संपतो, कारण त्याला पोसणारे बाहेरचे किरणच अडले. 'पुढे ठिपका दिसत नाही, लेझर बिघडला का' असं विचारणाऱ्याच्या मांडणीत बहुधा कुठेतरी बारीक केलेला आयरिस सापडतो. याची दुसरी बाजू फायद्याची आहे. अर्धा मिमी त्रिज्येचा अडथळा नेमका अक्षावर आला तरी सुमारे ११० मिमी पुढे गाभा पुन्हा जमतो.

प्रत्यक्ष लेन्स बसवणं

सरावासाठी दोन समतल-बहिर्वक्र लेन्सचा रिले (झोत पुढे पोचवणारी जोडी) घ्या. पहिली २०० मिमी नाभीय अंतराची, दुसरी १०० मिमीची, मधलं अंतर ३०० मिमी. ॲक्सिकॉनपासून पहिली ४०० मिमीवर, दुसरी ७०० मिमीवर. पहिलीची फुगीर बाजू ॲक्सिकॉनकडे, दुसरीची सपाट बाजू ॲक्सिकॉनकडे.

लेन्सचे दोन दोष एकमेकांत मिसळतात: डीसेंटर, म्हणजे बाजूला सरकणं, आणि टिल्ट, म्हणजे कलणं. आरपार गेलेला झोत मुख्यतः डीसेंटर सांगतो. लेन्स जितकी सरकली भागिले नाभीय अंतर, इतका झोत वळतो. टिल्टला तो जवळपास आंधळा असतो: ५ मिमी जाडीची लेन्स १ अंश कलली तरी झोत फक्त ३० मायक्रॉन बाजूला सरकतो. टिल्ट दिसतो परावर्तित झोतात. म्हणून दोन कॅमेरे. एकाच कॅमेऱ्यावर भागवलं तर सरकवून कलण्याची चूक झाकली जाते, वाचन शून्य येतं आणि लेन्स तिरकीच राहते.

बीमस्प्लिटर ॲक्सिकॉनपुढे १५० मिमीवर बसवा, दुसरा कॅमेरा त्याच्यापासून १०० मिमीवर. ४५ अंशांत ठेवलेली ३ मिमी जाडीची काच झोत १ मिमी बाजूला सरकवते, तेव्हा स्प्लिटर आधी बसवा आणि अक्षाची वाचनं नंतर घ्या. मध्येच काढून पुन्हा घातला तर सगळं पहिल्यापासून. स्प्लिटरच्या दुसऱ्या बाजूला निघणाऱ्या उजेडासमोर काळा पुठ्ठा ठेवायला विसरू नका.

लेन्स घालण्याआधी पहिल्या कॅमेऱ्याने रेलवर दोन जागी गाभ्याचं केंद्र नोंदवा: ॲक्सिकॉनपासून ७७५ मिमीवर आणि ११०० मिमीवर. रेल कधीच पूर्ण सरळ नसते, म्हणून शून्य, म्हणजे लेन्स नसतानाचं वाचन, प्रत्येक जागेचं वेगळं असतं. कॅमेरा सरकवून परत त्याच थांब्याला टेकवला की वाचन किती मायक्रॉनांत परत येतं तेही पाहा. त्यापेक्षा चांगली अचूकता पुढे मिळणार नाही.

दुसऱ्या कॅमेऱ्याचं शून्य असं काढा. ७०० मिमीवर सपाट आरसा ठेवा. परतलेले किरण ॲक्सिकॉनमधून उलटे जाताना पुन्हा समांतर होतात आणि ॲक्रोमॅटमुळे फेरूलवर जमतात. तो बिंदू फायबरच्या छिद्राशी आला की आरसा अक्षाला काटकोनात. ०.१ मिलीरेडियनची चूक फेरूलवर २० मायक्रॉन दिसते, तेव्हा चांगलं भिंग वापरलं तर ०.१ ते ०.२ मिलीरेडियनपर्यंत शून्य मिळतं. या स्थितीत दुसऱ्या कॅमेऱ्यावर गाभा जिथे पडतो ते केंद्र नोंदवा, मग आरसा काढा.

आता लेन्स, आणि कॅमेऱ्याकडची आधी. उलट क्रमाने गेलात तर दुसऱ्या लेन्सवर पोचणारा झोत पहिलीने आधीच बदललेला असतो, आणि दोष कोणाचा हे कळत नाही.

दुसरी लेन्स, १०० मिमीची, बसवा. कॅमेरा तिच्यामागे ७५ मिमीवर, म्हणजे नोंदवलेल्या ७७५ च्या जागी. इथे नवख्यांची सर्वांत मोठी फजिती होते. कॅमेरा लेन्सच्या नाभीवर किंवा तिच्या लगेच पलीकडे ठेवला तर मध्ये गाभा दिसतच नाही, पोकळ कडं दिसतं. बहिर्वक्र भिंगाने किरण आणखी जवळ आणले की भिंगाआधी अक्षावर न भेटलेल्या किरणांच्या भेटीची सगळी रांग भिंग ते नाभी एवढ्यातच बसते, आणि नाभीच्या प्रतलात सगळा प्रकाश एका कड्यात असतो. म्हणून कॅमेरा नाभीच्या अलीकडे. ७५ मिमीवर गाभा २७ मायक्रॉन, म्हणजे ८ पिक्सेलांचा दिसतो आणि लेन्स १० मायक्रॉन सरकली तर तो साडेसात मायक्रॉन हलतो. जागेअभावी कॅमेरा पलीकडेच ठेवावा लागला तर कड्यावर वर्तुळ बसवून त्याचं केंद्र काढता येतं, पण कडं एकसारखं उजळ नसेल तर त्यावर फार भरवसा नको.

दुसऱ्या कॅमेऱ्यावर याच लेन्सच्या सपाट बाजूवरचा परावर्तित बेसेल झोत जसाच्या तसा येतो. स्प्लिटरमार्गे ते अंतर ६५० मिमी, तेव्हा ०.१ मिलीरेडियन टिल्टला ठिपका १३० मायक्रॉन सरकतो, ३८ पिक्सेल. आधी टिल्ट शून्यावर आणा, मग आरपार झोत बघून डीसेंटर, मग पुन्हा टिल्ट. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही वाचनं थांबतात. लेन्सच्या फुगीर बाजूवरूनही थोडं परावर्तन येतं. वलयांचा आकार वेगळा असल्याने ते ओळखता येतं. खात्री नसेल तर लेन्स किंचित कलवा आणि कोणता ठिपका हिशेबाइतका हलतो ते बघा.

आता पहिली लेन्स ४०० मिमीवर घाला आणि कॅमेरा ११०० च्या जागी न्या. दोन्ही लेन्स मिळून रिले पूर्ण झाला की दुसरीच्या मागे ५० मिमीपासून गाभा पुन्हा जन्माला येतो, मूळच्या निम्म्या जाडीचा, ५४ मायक्रॉन. पहिली लेन्स १० मायक्रॉन सरकली तर या जागी ठिपका २५ मायक्रॉन सरकतो, सात पिक्सेल. दुसरी लेन्स आता हात न लावता तशीच ठेवायची, त्यामुळे जो काही फरक दिसेल तो पहिलीचाच.

पहिलीच्या फुगीर बाजूची वक्रता-त्रिज्या १०३ मिमी आहे. फुगीर पृष्ठभागावरून परतणारा गाभा कितीही लांब टिकतो, फक्त जाड होत जातो. आपल्या ३५० मिमीच्या मार्गावर तो सुमारे ०.८४ मिमीचा होतो. वक्रता-केंद्र अक्षापासून १० मायक्रॉन ढळलं तर ठिपका ६८ मायक्रॉन सरकतो, म्हणजे वीस पिक्सेल. जाडी वाढली तरी वलयं समकेंद्री असल्यामुळे केंद्र चांगलं निघतं. एखाद्या मांडणीत अंतर्वक्र पृष्ठभाग ॲक्सिकॉनकडे असेल तर मात्र परतणारा गाभा वक्रता-त्रिज्येच्या निम्म्या अंतरातच संपतो. कॅमेरा त्याच्या लगेच पुढे असेल तर कड्याच्या केंद्रावर भागवावं लागतं किंवा लेन्सची दुसरी बाजू वापरावी लागते.

लेन्समधलं अंतर बरोबर आहे का, हे ठिपक्याच्या जागेवरून कळत नाही. दुसरीच्या मागे दोन वेगळ्या अंतरांवर गाभ्याची जाडी मोजा. सारखी असेल तर ३०० मिमी बरोबर आहे.

केंद्र काढण्याबद्दल

पूर्ण चित्राचा सेंट्रॉइड (उजेडाचा भारित मध्य) काढू नका. प्रत्येक वलयात गाभ्याइतकी ऊर्जा असल्यामुळे चित्राच्या कडेला वलयं जिथे कापली जातात तिथली तफावत केंद्राला ओढून नेते. गाभ्याभोवती पहिल्या काळ्या वलयापर्यंतच खिडकी घ्या आणि त्यात गाउशियन बसवा. गाभा अंधुक असेल तेव्हा दुसरी रीत जास्त चांगली चालते: चित्र १८० अंश फिरवून मूळ चित्राशी ताडून पाहायचं, सर्वाधिक जुळणी जिथे होते तिथून केंद्र मिळतं. कॅमेऱ्याची उघडीप (एक्सपोजर) एवढीच ठेवा की गाभ्याचा सर्वांत उजळ पिक्सेल कमाल मर्यादेच्या ७०-८० टक्क्यांवर राहील. भरून गेलेल्या पिक्सेलांचं केंद्र छान स्थिर दिसतं आणि चुकीचं असतं.

पुठ्ठ्याच्या नळ्या का? हवेचं तापमान झोताला आडव्या दिशेत १०० मिमीला १ अंश सेल्सिअसने बदलत असेल, तर २ मीटरवर झोत सुमारे २० मायक्रॉन वाकतो. एसीची झुळूक, झोताखाली ठेवलेला लॅपटॉप किंवा कॅमेऱ्याचं स्वतःचं गरम अंग एवढं सहज करतं. ठिपका थरथरत असेल तर ५० चित्रांची सरासरी घ्या. थरथर न होता तो एका दिशेने हळूहळू सरकत असेल तर सरासरीचा उपयोग नाही, उष्णतेचा उगम शोधून हलवा. कॅमेरा सुरू करून अर्धा तास झाल्याशिवाय शून्य नोंदवू नका.

ॲक्सिकॉन नसेल तर, आणि त्यापुढे

चांगला ॲक्सिकॉन महाग पडतो. शिकण्यासाठी बेअरिंगची १० मिमी व्यासाची चकचकीत पोलादी गोळी सपाट काचेवर चिकटवून त्याच समांतर झोतात ठेवा. तिच्या सावलीच्या मध्यावर पॉइसाँचा ठिपका आणि त्याभोवती वलयं दिसतात. १ मीटरवर त्याची त्रिज्या सुमारे ४९ मायक्रॉन, आणि अंतराच्या प्रमाणात ती वाढत जाते. गोळीला कलण्याचा दोष नाही, अक्ष थेट तिच्या केंद्रातून जातो. डिंक मात्र सावलीच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर वलयं तुटतात.

दुसरा पर्याय काचेवर क्रोमने छापलेल्या समकेंद्री वर्तुळांच्या ग्रेटिंगचा. ॲरिझोनातल्या टूसॉनचे रॉबर्ट पार्क्स यांनी लेन्स आणि आरसे जुळवायला ही रीत बरीच पुढे नेली आहे. वर्तुळांमधलं अंतर १०० मायक्रॉन असेल तर समांतर झोतात गाभ्याची त्रिज्या ३८ मायक्रॉन, तरंगलांबी कोणतीही असो. ग्रेटिंगची खरी मजा समांतर झोत न देता थेट फायबरच्या टोकाने उजळण्यात आहे. अक्ष मग फायबरचं टोक आणि वर्तुळांचं केंद्र या दोन बिंदूंनी ठरतो, ग्रेटिंग थोडं कललं तरी फरक पडत नाही. गाभा अंतराबरोबर सावकाश जाड होतो. फायबर ग्रेटिंगपासून जितकं लांब, तितकंच पुढे गेल्यावर दुप्पट. शिवाय ग्रेटिंगमधून आत वळणाऱ्या शंकूबरोबर बाहेर वळणाराही एक निघतो, आणि बहिर्वक्र लेन्सनंतर तोच नाभीपलीकडे गाभा उभा करतो. म्हणजे ॲक्सिकॉनची ती पोकळ कड्याची अडचण इथे बरीच सुटते. किंमत उजेडात मोजावी लागते: अर्धी उघडी, अर्धी झाकलेली वर्तुळं असतील तर उपयोगाच्या शंकूत १० टक्केच प्रकाश जातो आणि २५ टक्के सरळ पार होतो.

शेवटचं काम चिकटवण्याचं, आणि अचूक जुळवलेली लेन्स बहुधा तिथेच हलते. अतिनील किरणांनी घट्ट होणारा गोंद घट्ट होताना आकसतो. १२० अंशांवर तीन सारखे थेंब द्या, तिन्हीवर दिवा एकाच वेळी पडू द्या, आणि दोन्ही कॅमेरे चालू ठेवून ठिपके बघत आधी काही सेकंदच घट्ट करा. ठिपका सरकायला लागला तर दिवा बंद करून गोंद मऊ आहे तोवर जुळणी दुरुस्त करा, मग पूर्ण घट्ट करा. माउंटचे पकड-स्क्रू त्याच दिवशी सोडू नका. दुसऱ्या दिवशी खोलीचं तापमान तेच असताना दोन्ही शून्यं आधी तपासा, लेन्सचं वाचन घ्या, स्क्रू एकेक करून सैल करा आणि प्रत्येकानंतर ठिपका किती हलला ते लिहून ठेवा.